छायाचित्रणातील उसनवारी : पूर्वसूरींचे ऋण आणि खारदांड्याचा किनारा

कलासमीक्षेत 'प्रभाव' हा शब्द जितक्या सहजपणे वापरला जातो तितक्या सहजपणे तो तपासला जात नाही. अमुक कवीवर तमुकाचा प्रभाव आहे असे म्हटले की समीक्षकाचे काम संपले, अशी समजूत मराठी वाङ्मयसमीक्षेतही दीर्घकाळ रूढ होती. तथापि तेथे शब्द, प्रतिमा, वृत्त, रचना अशी साधने हाताशी असल्याने विधानाची शहानिशा तरी करता येते. छायाचित्रणाच्या बाबतीत तेवढीही सोय झालेली नाही. छायाचित्रकाराला त्याचे आवडते छायाचित्रकार कोण, असे विचारले तर तो चार नावे सांगतो. त्या चौघांपासून नेमके काय घेतले, असे विचारले तर 'दृष्टी' असे उत्तर देतो, आणि समीक्षक ते उत्तर निमूटपणे मान्य करतो. ही दृष्टी एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, तिच्यातील उसने काय व कमावलेले काय, आणि या देवघेवीत तिसऱ्याच कोणाचे काही हिरावले जाते की काय, हे प्रश्न मात्र तसेच राहतात.

या प्रश्नांच्या विचारासाठी खारदांड्याचा किनारा सोयीचा आहे. वांद्र्याचा कार्टर रस्ता उत्तरेकडे जेथे संपत येतो आणि जुहूचा किनारा जेथे अजून सुरू व्हायचा असतो, तेथे ही कोळ्यांची जुनी वस्ती आहे. समोर थेट पश्चिम, ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा खडक, किनाऱ्यास लागलेल्या होड्या, उभ्याआडव्या बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, जाळी दुरुस्त करणारे हात आणि टोपली घेतलेल्या कोळिणी, अशी चित्रयोग्य सामग्री येथे शहराच्या इतक्या जवळ एकत्र सापडते की मुंबईतील हौशी छायाचित्रकाराने कधी ना कधी दांड्याची वाट धरली नाही, असे क्वचितच घडते. या किनाऱ्यावरची चित्रे शेजारी शेजारी मांडून पाहिली तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. चित्रे टिपणारे अनेक असले तरी चित्रे मोजकीच आहेत. मावळत्या सूर्यापुढे होडीची काळी आकृती, हवेत पसरलेले जाळे, सुरकुतलेल्या चेहऱ्याचा वृद्ध कोळी, नाकात नथ व डोक्यावर टोपली असलेली, हसणारी कोळीण: एवढ्या चार-पाच चित्रांची ही सतत नव्याने छापली जाणारी आवृत्ती आहे.

भाषेच्या अभ्यासकाला हा प्रकार अपरिचित नाही. मराठी रंगभूमीवर कोळ्याचे पात्र आणावयाचे झाले की नट 'ण'चा 'न' करतो, 'ळ'चा 'ल' करतो, 'होडी'ला 'होरी' म्हणतो, आणि कोळी बोली सिद्ध झाली असे मानले जाते. हे तीनही विशेष त्या बोलीत खरोखर आहेत. परंतु बोली म्हणजे हे तीन विशेष नव्हेत. तिचे क्रियारूपांचे निराळेपण, तिचा स्वराघात, तिच्यातील मासे, वारे व भरती-ओहोटी यांची सूक्ष्म शब्दसंपत्ती यांपैकी काहीच नटाच्या तोंडी आलेले नसते. आलेली असते ती केवळ ओळख पटविणारी खूण. टोपली, नथ आणि मावळता सूर्य या छायाचित्रातील अशाच खुणा होत.

पूर्वसूरींच्या कृतींशी होणाऱ्या साम्याचा विचार भारतीय साहित्यशास्त्राने फार पूर्वी आणि पुष्कळ बारकाईने केला आहे. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात अशा साम्याला 'संवाद' असे नाव देऊन त्याचे तीन प्रकार सांगितले : प्रतिबिंबासारखा, चित्रासारखा आणि दोन देहधाऱ्यांतील सारखेपणासारखा. पहिले दोन त्याज्य होत. तिसरा त्याज्य नव्हे, कारण दोन माणसे एकमेकांसारखी दिसली तरी प्रत्येकाचा आत्मा वेगळा असतो. पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त या विवेचनाचा विस्तार केला. ज्याचा पूर्वज अकालजलद हा महाराष्ट्राचा चूडामणी म्हणून गौरविला गेला, त्या राजशेखराकडे मराठी अभ्यासकांनी या संदर्भात अधिक लक्ष द्यावयास हरकत नाही. प्रतिबिंबकल्प, आलेख्यप्रख्य, तुल्यदेहितुल्य आणि परपुरप्रवेश असे चार प्रकार कल्पून त्याने प्रत्येकाचे आठ पोटभेद केले. अर्थ तोच, केवळ वाक्य बदललेले, तो प्रतिबिंबकल्प. थोड्याशा संस्काराने वस्तू वेगळी भासविलेली, तो आलेख्यप्रख्य. विषय भिन्न असूनही अत्यंत सादृश्यामुळे एकत्वाचा भास व्हावा, तो तुल्यदेहितुल्य. आणि मूळ एक परंतु मांडणी दूरची व निराळी, तो परपुरप्रवेश. राजशेखर या सर्व व्यवहाराकडे न्यायाधीशाच्या नव्हे तर जाणत्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहतो, हे त्याच्या विवेचनाचे मोठे बलस्थान आहे. घेणे चालणारच, हे त्याने गृहीत धरले आहे. कोणी किती पचविले एवढाच त्याचा प्रश्न आहे.

त्याच्या पोटभेदांपैकी दोन छायाचित्रांना विलक्षण रीतीने लागू पडतात. एका भाषेतील अर्थ दुसऱ्या भाषेत नेणे याला त्याने 'नटनेपथ्य' म्हटले आहे : नट तोच, पोशाख बदललेला. (भाषांतराची गणना उसनवारीत करणारा हा भेद भाषांतरकारांना फारसा रुचणार नाही, पण तो विचारात घेण्यासारखा आहे.) पोर्तुगालच्या किंवा ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील कोळिणीचे परदेशी मासिकात पाहिलेले चित्र मनात ठेवून दांड्यावर तोच कोन, तीच वेळ, तीच मान वळविण्याची लकब शोधली जाते तेव्हा घडते ते हेच नेपथ्यांतर. दुसरा भेद 'छंदोविनिमय'. तोच अर्थ दुसऱ्या वृत्तात. कृष्णधवल चित्राची रंगीत आवृत्ती किंवा रंगीत चित्राचा रंग काढून घेऊन त्याला भारदस्तपणा आणण्याची अलीकडची रीत या सदरात जाते.

येथे एक आक्षेप संभवतो. कवी दुसऱ्याची ओळ उचलू शकतो, छायाचित्रकाराला तसे करता येत नाही. चार्ल्स पर्स याने चिन्हांचे जे वर्गीकरण केले त्यात छायाचित्राला निर्देशक चिन्हांत स्थान मिळाले ते याच कारणाने. समोर वस्तू असल्यावाचून छायाचित्र होत नाही. होडी उसनी घेतली तरी ती होडी दांड्याच्या वाळूवर त्या क्षणी असावीच लागते. म्हणजे छायाचित्रातील प्रत्येक अनुकरण हा पुन्हा केलेला उच्चार असतो, आणि वाक्य जुने असले तरी उच्चार नवा असतो. आक्षेप योग्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष छायाचित्रकाराला सुखावह नाही. काव्यातील उसनवारीत पक्ष दोनच असतात, घेणारा आणि ज्याचे घेतले तो. छायाचित्रात तिसरा पक्ष अपरिहार्यपणे येतो. जुने वाक्य पुन्हा उच्चारण्यासाठी ज्या माणसाला समोर उभे केले तो हा तिसरा पक्ष होय. राजशेखराच्या बत्तीस भेदांत याला जागा नाही, कारण त्याला त्याची गरजच नव्हती. दांड्यावरील कोळिणीला मात्र आहे. छायाचित्रकार आपल्या आवडत्या गुरूचे ऋण तिच्या चेहऱ्याने फेडीत असतो.

मुंबईच्या छायाचित्रणाच्या इतिहासात या तिसऱ्या पक्षाची काय वाट लागली ते थोडक्यात पाहण्यासारखे आहे. बाँबे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचे वर्ग निघाले. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू नारायण दाजी हे या सोसायटीत वावरणारे आरंभीचे भारतीय छायाचित्रकार. याच वर्तुळातील विल्यम जॉन्सन याने विल्यम हेंडरसन याच्यासमवेत १८५६ ते १८५८ या काळात हौशी छायाचित्रकारांसाठी एक चित्रमाला प्रसिद्ध केली, आणि पुढे १८६३ व १८६६ मध्ये मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या जातीजमातींचे दोन खंड काढले. या खंडांतील पुष्कळ चित्रे जोडकामाची आहेत. माणसे एकीकडे टिपलेली, त्यांच्यामागचे दृश्य दुसरीकडचे, आणि दोहोंचा सांधा कागदावर जुळविलेला. माणूस आपल्या जागेपासून कातरून काढता येतो आणि दुसऱ्या जागेवर चिकटविता येतो, हा सिद्धान्त मुंबईच्या छायाचित्रणाने अशा रीतीने अगदी बाल्यावस्थेतच आत्मसात केला.

१९३२ मध्ये स्थापन झालेल्या कॅमेरा पिक्टोरिअलिस्ट्स ऑफ बाँबे या संस्थेच्या आणि १९३७ च्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडियाच्या प्रदर्शनीय परंपरेने नेमके उलट केले. तेथे जागा राहिली, प्रकाश राहिला, धुके राहिले आणि माणूस काळ्या आकृतीत विरून गेला. आजच्या दांड्यावरील सूर्यास्ताची वंशावळ या परंपरेपर्यंत पोहोचते. त्या सूर्यास्तात होडीच्या नाळेवर रंगविलेला नोंदणी क्रमांक दिसत नाही, नायलॉनची जाळी, बर्फाच्या पेट्या, डिझेलची पिंपे दिसत नाहीत. अलीकडे या किनाऱ्यासमोर समुद्रात काम सुरू झालेला वांद्रे-वर्सोवा सागरी सेतू तर चौकटीबाहेर ठेवण्यासाठी छायाचित्रकाराला दोन पावले बाजूला सरकावे लागते. ज्या गोष्टीविषयी दांड्यातील मच्छीमारांनी हरकती घेतल्या, ज्यावर त्यांच्या पुढच्या पिढीचा धंदा अवलंबून आहे, तीच गोष्ट 'चित्र बिघडते' म्हणून वगळली जाते. वगळणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. त्याला आवडलेल्या चित्रांत खांब नव्हते, एवढेच.

तर मग प्रभाव टाळावा काय? तसे म्हणणे भाषाशास्त्राला तरी शोभणार नाही. उसन्या शब्दांवाचून कोणतीही जिवंत भाषा नाही. कोळ्याच्या तोंडचा 'नाखवा' हा शब्द फारसीतील 'नाखुदा'पासून आला, पण दर्यावर तो इतका मुरला आहे की त्याहून अधिक कोळी शब्द सांगा म्हटले तर सांगणाऱ्याला विचार करावा लागेल. शब्दांची उसनवारी ही सर्वांत वरवरची आणि सर्वांत लवकर दिसणारी. तिच्याखाली व्याकरणाची उसनवारी असते. ती दिसत नाही, ऐकणाऱ्याला जाणवतही नाही. याचे प्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील भाषाव्यवहाराचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. तेथील मराठी, कन्नड व उर्दू शेकडो वर्षांच्या सहवासाने व्याकरणदृष्ट्या इतक्या जवळ आल्या होत्या की एका भाषेतील वाक्याचे दुसरीत रूपांतर करताना बव्हंशी शब्दाच्या जागी शब्द ठेवला की भागे. शब्द मात्र ज्याचे त्याने राखले होते, कारण घरची ओळख शब्दांत होती.

आवडत्या छायाचित्रकाराचा प्रभाव हितकारक केव्हा ठरतो याचे उत्तर या उदाहरणात आहे. शब्द आपले आणि व्याकरण शेजाऱ्याचे, अशी घडण जेथे होते तेथे. दांड्यावरील बहुसंख्य चित्रांत होते ते याच्या उलट. शब्द तेवढे उचललेले आणि व्याकरणाचा पत्ता नाही.

छायाचित्राचे व्याकरण म्हणजे काय, हे उदाहरणाखेरीज स्पष्ट होणार नाही. मार्टिन मुंकाची या हंगेरियन छायाचित्रकाराने १९३० च्या सुमारास टांगानिका सरोवराच्या काठी धावत लाटेत शिरणाऱ्या तीन आफ्रिकी मुलांचे चित्र टिपले. मुले पाठमोरी आहेत, त्यांचे काळे देह पांढऱ्या फेसावर उठून दिसतात, हातापायांच्या रेषा एकमेकींत गुंतल्या आहेत आणि तरीही तिघे वेगळे राहतात. हे चित्र आंरी कार्तिए-ब्रेसाँ याच्या पाहण्यात १९३१-३२ च्या सुमारास आले. ठिणगी पडावी तसा या एका चित्राचा परिणाम झाला, असे तो वृद्धापकाळीही सांगत असे. आता त्याने पुढे काय केले ते पाहावे. तो आफ्रिकेत जाऊन आला होता. तेथील मुले, तेथील पाणी त्याला दुर्लभ नव्हते. परंतु १९३२ मध्ये त्याने जे चित्र टिपले ते पॅरिसमधील साँ-लाझार स्थानकाच्या मागील साचलेल्या पाण्याचे. टोपी घातलेला एक मनुष्य पाण्यात पडलेल्या शिडीवरून उडी घेत आहे. त्याची टाच पाण्याला टेकायला केसभर अवकाश आहे. खाली त्याचे प्रतिबिंब आहे, आणि मागील भिंतीवरच्या जाहिरातीत एक नर्तिका त्याच झेपेत, उलट दिशेने उडते आहे.

दोन चित्रांत समान शब्द म्हणावा असा एकच, पाणी. आणि तेही सारखे नाही. एकात सरोवराची उसळती लाट, दुसऱ्यात शहरी डबके. एकात उघड्या देहांचा उन्मुक्त आनंद, दुसऱ्यात पाय ओला होऊ नये म्हणून केलेली नागरी धडपड. तरीही दुसरे पहिल्यावाचून झाले नसते, असे वाटते. कारण देह हवेत असताना त्याच्या रेषा ज्या नात्याने बांधल्या जातात ते नाते दोन्हीत एक आहे. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात लयीचे जे संवाद, विरोध व समतोल असे नियम मांडले, त्यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर मुंकाचीच्या चित्रात तीन देहांचा संवाद व काळ्यापांढऱ्याचा विरोध आहे. कार्तिए-ब्रेसाँने संवादाची जागा माणूस, प्रतिबिंब आणि जाहिरातीतील नर्तिका यांना दिली आणि विरोध वेगापासून काढून स्तब्ध पाण्यात ठेवला. (आनंदवर्धनाचा 'संवाद' आणि मर्ढेकरांचा 'संवाद' यांत घोटाळा करू नये. पहिला दोन कृतींतील, दुसरा एका कृतीच्या घटकांतील.) आंद्रे लोत या चित्रकाराकडे घेतलेले रचनेचे शिक्षण त्याला येथे उपयोगी पडले असणार. राजशेखराच्या वर्गीकरणात हा परपुरप्रवेश ठरेल : मूळ एक, मांडणी दूरची.

या साखळीचा पुढचा दुवा भारतात आहे. कार्तिए-ब्रेसाँ १९४७ मध्ये भारतात आला आणि गांधीजींच्या अखेरच्या दिवसाचे व अंत्ययात्रेचे त्याने घेतलेले चित्रण जगभर गेले. १९५६ मध्ये एडवर्ड स्टायकेन याने जुळविलेले 'फॅमिली ऑफ मॅन' हे ५०३ चित्रांचे प्रदर्शन मुंबईत जहांगीर कलादालनात आले. त्याने येथील छायाचित्रकारांना एक नवा शब्दकोश एकाच वेळी पुरविला. त्या शब्दकोशाचा दोष रोलाँ बार्त याने लगोलग, १९५७ मध्ये, दाखवून दिला होता : जन्म, श्रम, मृत्यू अशा सर्वसामान्य मथळ्यांखाली माणसे आणली की त्यांचा इतिहास गळून पडतो. कोळीण 'मातृत्व' होते, कोळी 'श्रम' होतो. दांड्यावरच्या चित्रांना आजही दिली जाणारी नावे ऐकली म्हणजे बार्तची टीका जुनी झाली असे म्हणवत नाही.

रघुबीर सिंग (१९४२-१९९९) यांचा मार्ग निराळा होता. जयपूरच्या या छायाचित्रकाराने कार्तिए-ब्रेसाँचे जयपूरविषयक पुस्तक शाळकरी वयात घरी पाहिले होते. १९६६ मध्ये त्याच शहरात त्याला प्रत्यक्ष काम करताना पाहण्याची संधी त्यांना मिळाली. पुढच्याच वर्षी त्यांनी बिहारमधील मोंघीर येथे पावसात सापडलेल्या, एकमेकींना बिलगून उभ्या असलेल्या स्त्रियांचे चित्र टिपले. ते पाहताना कार्तिए-ब्रेसाँचे १९४८ मधील श्रीनगरचे, टेकडीवर प्रार्थना करणाऱ्या स्त्रियांचे चित्र आठवल्यावाचून राहत नाही. उभ्या देहांचा समूह, वस्त्रांच्या जड घड्या आणि प्रत्येकीची वेगळी मुद्रा यांचे नाते त्याच जातीचे आहे. पण श्रीनगरच्या चित्रात दृष्टी दूरच्या डोंगरांकडे, अनंताकडे जाते. मोंघीरच्या चित्रात ती पावसाने अडविली आहे. भिजलेली लुगडी अंगाला चिकटली आहेत, आणि चित्राला रंग आहे.

हा रंग गौण नव्हे. कार्तिए-ब्रेसाँला रंगीत छायाचित्रणाविषयी तिटकारा होता. सिंग यांनी गुरूचे व्याकरण घेतले आणि गुरूने निषिद्ध मानलेला शब्दच आयुष्यभर वापरला. 'रिव्हर ऑफ कलर' (१९९८) या ग्रंथाच्या निबंधात त्यांनी या निवडीचे समर्थनही केले आहे. पाश्चात्य आधुनिकतेतील एकाकीपणाला कृष्णधवल भाषा जवळची वाटली तरी भारतीय दृष्टीला रंग हा उपरा अलंकार नाही, राजपूत आणि मोगल लघुचित्रांपासून तो पाहण्याचाच भाग आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. हे समर्थन पुरतेपणी पटावे असे नाही. 'भारतीय दृष्टी' ही एकसंध वस्तू असल्याचे ते फार सहज गृहीत धरते. परंतु चित्रांकडे पाहता त्यांचा दावा सिद्धान्तापेक्षा बलवान ठरतो. १९९४ च्या 'बाँबे : गेटवे ऑफ इंडिया' या ग्रंथात आरसे, काचा, दारे आणि खांब यांनी चौकट तुकड्यातुकड्यांत विभागली जाते, प्रत्येक तुकड्यात कोणीतरी आपापल्या कामात असतो, आणि कोणीच चित्राचा नायक नसतो. कार्तिए-ब्रेसाँच्या चित्रात एक क्षण सर्व रेषा एका बिंदूवर आणतो. सिंग यांच्या चित्रात अनेक क्षण शेजारी नांदतात. वाक्यरचनेच्या भाषेत, एका प्रधान वाक्याला गौण वाक्ये जोडण्याऐवजी अनेक प्रधान वाक्ये 'आणि'ने जोडली जातात.

हा फरक केवळ शैलीचा मानला तर मुख्य मुद्दा हातचा जाईल. निर्णायक क्षणाच्या व्याकरणातही तिसऱ्या पक्षाला धोका असतो. माणूस भूमितीचा एक बिंदू होऊन बसतो. साँ-लाझारच्या चित्रातील उडी घेणारा मनुष्य कोण, कोठे निघाला होता, याचे चित्राला काही सोयरसुतक नाही, आणि चित्राच्या सौंदर्याचा तो एक भागच आहे. दांड्यावर हे व्याकरण यांत्रिकपणे राबविणारा छायाचित्रकार सूर्यास्ताच्या साच्यातून सुटतो खरा, पण बोंबील वाळविण्याच्या बांबूंच्या चौकोनांत कोळणीचा हात नेमका केव्हा येतो याची वाट पाहत बसतो. हात आला की चित्र झाले. हात कोणाचा, याला चित्रात स्थान नसते. म्हणजे व्याकरण घेणे हे शब्द घेण्यापेक्षा श्रेष्ठ असले तरी व्याकरणही निरपराध नसते. सिंग यांची अनेककेंद्री रचना गुरूच्या व्याकरणावरील ही टीका होती, आणि ती टीका त्यांनी चित्रांतून केली. प्रभावाचे याहून प्रौढ रूप दाखविणे कठीण आहे.

सिंग यांच्यापासून प्रेरणा घेतलेल्या मुंबईच्या दोन छायाचित्रकारांकडे पाहिले म्हणजे या मीमांसेला आणखी एक पुरावा मिळतो. सूनी तारापोरवाला यांनी आपल्या पारशी कुटुंबाची घेतलेली चित्रे सिंग यांनी १९८२ मध्ये पाहिली आणि त्यावर ग्रंथ करण्याचा आग्रह धरला. तो ग्रंथ २००० मध्ये आला. केतकी शेठ यांनाही सिंग यांचे मार्गदर्शन लाभले. त्यांचा मुंबईच्या रस्त्यांवरील चित्रांचा 'बाँबे मिक्स' हा संग्रह २००७ मध्ये आणि सिद्दी समाजावरील 'अ सर्टन ग्रेस' हा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रंगाचा एवढा कैवारी गुरू लाभूनही या दोघींचे हे काम मुख्यतः कृष्णधवल आहे. केवळ वरवरच्या खुणा मोजणारा समीक्षक येथे प्रभाव नाकारील. वस्तुतः तारापोरवाला यांनी सिंग यांच्यापासून घेतले ते चित्र नव्हते, तर आपल्याच आजीच्या घरात कॅमेरा घेऊन वर्षानुवर्षे थांबण्याची मुभा होती. शेठ यांच्या रस्त्यावरील गर्दीत प्रत्येकजण आपापल्या वाक्याचा कर्ता राहतो. ही घडण सिंग यांच्या रचनेची आठवण करून देते, शब्द मात्र शेठ यांचेच आहेत. कुपवाडच्या शेजाऱ्यांचा व्यवहार याहून वेगळा नव्हता.

तारापोरवाला यांचे उदाहरण दांड्याच्या दृष्टीने विशेष बोलके आहे. तेथे छायाचित्रकार आणि तिसरा पक्ष हे एकाच घरातील आहेत. चित्रातील वृद्ध स्त्री छायाचित्रकाराला 'ऊन पडले आहे, सावलीत ये' असे म्हणू शकते. दांड्यावर रविवारी येणाऱ्या पाहुण्याला असे कोणी म्हणणार नाही, आणि म्हटले तरी ते चित्रात उतरणार नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, होड्या झाकून ठेवलेल्या असताना, किनाऱ्यावर छायाचित्रकार विरळा दिसतो. त्या दोन महिन्यांचे दांडे, जाळ्यांच्या दुरुस्तीचे, कर्जाच्या हिशोबाचे, नारळी पौर्णिमेची वाट पाहण्याचे, चित्रांत जवळजवळ नाहीच. गुरूच्या चित्रांत त्याला शब्द सापडलेला नसतो, म्हणून शिष्याला ते दिसत नाही.

केतकी शेठ यांच्या २०१८ च्या 'फोटो स्टुडिओ' या कामाचा उल्लेख येथे करणे प्राप्त आहे. देशातील जुनी छायाचित्रालये, त्यांतील रंगविलेले पडदे आणि त्या पडद्यांसमोर उभी राहणारी माणसे हा त्याचा विषय, आणि हे काम रंगीत आहे. सिंग यांच्या निधनानंतर जवळजवळ वीस वर्षांनी त्यांचा शब्द शिष्येच्या चित्रांत आला. उसनवारीला इतका विलंब लागणे भाषेत नित्याचे आहे. त्याहून लक्षणीय आहेत ते पडदे. जॉन्सनने १८६० च्या दशकात माणसांमागे परके दृश्य जोडले तेव्हा त्या माणसांना विचारले नव्हते. छायाचित्रालयात मात्र मागे बाग हवी की राजवाडा, डोंगर हवेत की नुसता निळा पडदा, हे समोर बसणारा सांगतो. मुंबईच्या उपनगरांतील इतर घरांप्रमाणे दांड्यातील घरांतही लग्नाची, बारशाची, पहिल्या होडीची अशी चित्रे भिंतीवर असतात, आणि त्यांतल्या कोळ्यांच्या मागे बहुधा समुद्र नसतो.